बसून असलेल्याचा वाटा

३ फेब्रुवारी

चि. घुम्यास आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहिते आहे, त्याचं कारण आधी सांगते. फोनवर तू "हो ताई, हो ताई" म्हणतोस आणि तिकडे तुझी बोटं कळफलकावर चालू असतात, ते मला ऐकू येतं. कागदावर "हो" लिहायला माणसाला निदान पेन शोधावं लागतं.

आता कामाचं. गेल्या महिन्यापासून मला डाव्या डोळ्याने रेघा वाकड्या दिसतात. दाराची चौकट पोटात कळ आल्यासारखी मध्येच वाकते. माणसाकडे पाहिलं तर कान दिसतात, नाक दिसत नाही. चष्मा बदलून पाहिला, उपयोग झाला नाही. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. बाई तरुण आहेत, पण बोलतात स्वच्छ. म्हणाल्या, डोळ्याच्या पडद्याला बरोबर मधोमध भोक पडलं आहे. मार्च संपायच्या आत ऑपरेशन केलं तर ते बुजेल. उशीर केला तर त्या डोळ्याने वाचणं कायमचं गेलं.

ऑपरेशन तासाभराचं आहे. अडचण नंतरची. डोळ्यात हवेचा बुडबुडा भरतात, आणि त्याने भोकावर दाब धरावा म्हणून माणसाला दहा दिवस पालथं राहावं लागतं. जेवताना मान खाली, चालताना मान खाली, झोपायचं तेही पालथं. त्या दिवसांत आणि पुढेही थोडे दिवस मी अप्पांना खुर्चीतून उठवू शकणार नाही, आंघोळ घालू शकणार नाही, त्यांच्या गोळ्या पाहू शकणार नाही. मी माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीकडे राहीन. ती तळमजल्यावर एकटी राहते, आणि मला गप्प बसवू शकेल अशी जगात तेवढी एकच आहे.

अप्पांपाशी कुणी राहायचं, हा प्रश्न आहे. अर्धांगवायूने उजवी बाजू गेल्यापासून ते दुसऱ्यावर अवलंबून आहेत, आणि ते दुसरं म्हणजे मी. मला तुझ्याशिवाय कुणी नाही, त्यांनाही नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून तीन आठवडे येशील का? हो की नाही, एवढंच लिही. कारणं नकोत.

ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. नमस्कार.

हो. पेन शोधून लिहिलं आहे.

डोळ्याचं वाचून वाईट वाटलं. पण तू काळजी करू नकोस, मी आहेच ना. फक्त तारखेचं थोडं पुढेमागे होईल का, ते पाहा. मी ज्या इस्पितळाचा डेटाबेस सांभाळतो तिथे सध्या गडबड आहे. कुठल्या खाटेवरच्या रुग्णाला कुठलं औषध कधी द्यायचं, हे वॉर्डातल्या नर्सला संगणकाच्या पडद्यावर दिसतं ना, ते सगळं त्या डेटाबेसात असतं. तो बंद पडून चालत नाही, म्हणून दोन यंत्रं ठेवतात. पहिलं काम करतं, दुसरं तयारीत बसून असतं. पहिलं पडलं की दुसऱ्याने आपोआप काम उचलायचं. या जोडीला आम्ही क्लस्टर म्हणतो. आणि यंत्रं तरी कुठे खरी? मोठाले सर्व्हर असतात, त्यांच्या पोटात वाटे पाडून एकेकात पाच-सात आभासी यंत्रं बसवतात. कुणाला किती मेमरी, किती प्रोसेसर, ते मी ठरवतो. एका घरात बिऱ्हाडं ठेवावीत तसं आहे, आणि घरमालक मी.

आता क्ष-किरण विभागाचं नवं बिऱ्हाड यायचं आहे, त्याला जागा हवी. मी तीन महिन्यांचे आलेख काढून पाहिले. दुसरं यंत्र नुसतं बसून आहे, त्याची रेघ जमिनीला चिकटलेली. त्याच्या नावावर पहिल्याएवढीच मेमरी राखून ठेवली होती, ती मी एक तृतीयांशावर आणली. जास्त लागलीच तर मिळेल, पण राखीव नाही. क्ष-किरणांची सोय झाली, नवा सर्व्हर घ्यावा लागला नाही. साहेब खूश आहेत.

त्यांचं काम मार्चअखेर सुरू होतंय, तेव्हा मला निघणं कठीण जाईल. एप्रिलच्या मध्यावर ऑपरेशन चालेल का, तेवढं डॉक्टरांना विचार. नाहीतर सुरुवातीला एखादी बाई ठेवू, मग मी येतो. अप्पांचं तसं फार काही नसतं. मी येतो तेव्हा पाहतोच की. सकाळचा चहा, गोळ्या, पेपर, दुपारची झोप. तू एका कागदावर लिहून ठेवलंस तरी माझं भागेल.

तुझी भावजय हे शेजारून वाचते आहे आणि हसते आहे. का, ते सांगत नाही.

तुझा,
घुम्या


२० फेब्रुवारी

चि. घुम्यास आशीर्वाद.

एका ओळीत "हो" लिहिलंस आणि त्याखाली दीड पान "नाही" लिहिलंस. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. डॉक्टरबाईंना विचारलं. एप्रिलच्या मध्यावर चालणार नाही.

अप्पांचं फार काही नसतं, हे वाचलं, पत्र खाली ठेवलं, त्यांची ओली चादर बदलली, आणि मग पुढचं वाचलं.

तू येतोस तेव्हा काही नसतं, कारण आदल्या दिवशी मी त्यांचे केस धुतलेले असतात, दाढी केलेली असते, आठवड्याच्या गोळ्या वाट्यांत लावलेल्या असतात, आणि त्यांना बजावलेलं असतं की तो दोन दिवसांसाठी येतोय, कुरकुर करू नका. तेही शहाण्यासारखे वागतात. तू आयत्या पिठावर रेघोट्या ओढतोस आणि परत जातोस. माझी भावजय का हसते ते मला कळलं.

तुझ्या यंत्रांचं मी दोनदा वाचलं. त्यातलं तंत्र मला कळत नाही. एक मात्र कळतं. जो बसून आहे त्याचं माप तू तो बसलेला असताना घेतलंस. तो बसलेलाच दिसणार. ज्या दिवशी त्याला उठवशील त्या दिवशी पहिल्याचं सगळं काम त्याच्या डोक्यावर येणार, आणि नेमकं तेव्हाच तू त्याला सांगणार की बाबा, तुझी जागा बिऱ्हाडकरूला दिली. तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात ते हेच.

पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत माझं आयुष्य गेलं. आमच्या खालच्या मजल्यावर दोन पंप होते. मुख्य आणि राखीव असं त्यांना कुणी म्हणत नसे. दर सोमवारी पाळी बदलायची, मग भर उन्हाळा का असेना. पाळी बदलताना पंपवाला आणि आमच्यातलं एकजण तिथे उभं राहायचं. तो दाब बघायचा, आम्ही पाणी गढूळ येतंय का ते बघायचं. पुढे एक नवे अधिकारी आले. म्हणाले, चांगला चाललेला पंप दर आठवड्याला बंद कशाला करता? पाळी थांबली. वर्षभराने तो चांगला चाललेला पंप जळाला. दुसरा सुरू करायला गेलो तर त्याचा दांडा जागचा हलेना. बसून बसून धरला होता. अख्ख्या गावाला दोन दिवस टँकरने पाणी दिलं.

तेव्हा माझं ऐक. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी ये. मी घरात थांबणार नाही. रविवार संध्याकाळपर्यंत तू आणि अप्पा. आधी करून ठेवलेलं काहीही मिळणार नाही. मग बोलू.

ताई


१ मार्च

ती. ताईस सा. नमस्कार.

रागावलीस ते कळलं. पण पंप आणि डेटाबेस यांत फरक आहे. लोखंड धरतं, मेमरी धरत नाही. दुसऱ्या यंत्राला गरज पडली की सर्व्हर बाकीच्या बिऱ्हाडांकडची रिकामी मेमरी काढून त्याला देतो. ते आपोआप होतं. हिशेब बसतो, मी दोनदा करून पाहिला आहे. आणि दर सोमवारी पाळी बदलायची तर तेवढा वेळ वॉर्डातले पडदे गोठतात. चालत्या इस्पितळात मुद्दाम पडदे कोण गोठवेल? शेवटची पाळी कधी बदलली होती ते मलाही आठवत नाही. चाललंय ते चालू द्या, असं सगळेच म्हणतात.

त्या शनिवारी जमत नाही. क्ष-किरणवाले नेमके तेव्हाच यायचे आहेत. पण शब्द देतो, २५ मार्चला सकाळी मी तुझ्या दारात असेन, निदान आठवडाभरासाठी. पुढचं बाई पाहील.

आणि एक लिहितो, राग मानू नकोस. अप्पा माझेही वडील आहेत. मला त्यांचं काही करता येणार नाही असं तू धरून चालतेस. पण तू मला कधी करू दिलंस? मागच्या खेपेला मी त्यांना खुर्चीतून उठवायला गेलो तर म्हणालीस, "सर बाजूला, पाडशील." मी सरलो.

तुझा,
घुम्या


९ मार्च

चि. घुम्यास आशीर्वाद.

"सर बाजूला" म्हणाले होते, खरं आहे. तू पाडलंच असतंस, हेही खरं आहे.

बाई ठेवून पाहिली. चांगली होती, हात स्वच्छ, आवाज हळू. अप्पांनी दिवसभर तिच्याकडून पाणीसुद्धा घेतलं नाही. सकाळची गोळी तिच्यासमोर तोंडात टाकली, जिभेखाली धरून ठेवली, आणि मी बाजारातून आल्यावर माझ्या हातावर काढून दिली. संध्याकाळी मला म्हणाले, "घरात परकी बाई हिंडतेय, आणि तू कुठे उलथली होतीस?" दुसऱ्या दिवशी बाईच यायची थांबली. मी तिला दोष देत नाही.

ऑपरेशनची तारीख रद्द केली. पुढे ढकलली नाही, रद्द केली. तू आठवडाभर येऊन काय होणार? आठव्या दिवशी मी पालथी असेन आणि अप्पा ओले असतील. उजवा डोळा चांगला आहे. एका डोळ्यावर माणसं आयुष्य काढतात, देवाने दोन दिले ते याचसाठी. वाचायचं होतं ते बहुतेक वाचून झालं आहे.

तू तुझं काम सांभाळ. रागाने लिहीत नाही.

ताई


१७ मार्च

ती. ताईस सा. नमस्कार.

तुझं पत्र येऊन पडलं होतं, तीन दिवस उघडायला जमलं नाही. का, ते आधी सांगतो.

गेल्या बुधवारी सकाळी पहिलं यंत्र ज्या सर्व्हरवर होतं त्याचा वीजपुरवठ्याचा भाग जळाला. सर्व्हर गेला, त्यासोबत यंत्र गेलं. दुसऱ्याने काम उचललं. उचलल्याचा हिरवा दिवा मी स्वतः पाहिला आणि साहेबांना म्हणालो, बघा. मग त्या दुसऱ्याने आपली पुरी मेमरी मागितली. ती क्ष-किरणवाल्यांनी त्याच आठवड्यात चाचणीसाठी व्यापली होती. माझा हिशेब होता की सर्व्हर रिकामी मेमरी काढून देईल. रिकामी कुणाकडेच नव्हती, तर काढणार कुठून? मग त्याने मेमरीत ठेवायचं ते डिस्कवर ठेवायला घेतलं. म्हणजे ओट्यावर जागा नाही म्हणून प्रत्येक भांडं माळ्यावर टाकायचं आणि लागलं की शिडी लावून उतरवायचं, तशी गत. ते जिवंत होतं, पण इतकं संथ की नाडी लागेना. क्लस्टरमध्ये नाडी पाहणारा एक भाग असतो. "आहेस का?" असं तो सारखं विचारतो, आणि ठरल्या वेळात उत्तर आलं नाही की समोरचा मेला असं धरतो. त्याने तसं धरलं आणि काम परत पहिल्याकडे द्यायला गेला. पहिलं तर नव्हतंच. मग पुन्हा दुसऱ्याकडे. त्याला उठवायचं, धाप लागली की मेलं म्हणायचं, पुन्हा उठवायचं.

वॉर्डातले पडदे पाऊण तास कोरे होते. मी खाली वॉर्डात गेलो. मेट्रन फळ्यावर खाटांचे नंबर आणि औषधं लिहीत होत्या, नर्सा औषधखोलीला फोन करून एकेक खात्री करून घेत होत्या. कुणालाही चुकीचं काही दिलं गेलं नाही. ते श्रेय त्यांचं. मेट्रन माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमचं दुसरं मशीन आहे ना? तुम्हीच सांगितलं होतंत."

मी म्हटलं, "आहे."

"असून काय करतंय?"

मी वर पळालो आणि क्ष-किरणवाल्यांचं बिऱ्हाड बंद केलं, तेव्हा कुठे मेमरी मोकळी झाली.

आता जळालेला भाग बदलून पहिलं यंत्र पुन्हा चालू केलं आहे, आणि दुसऱ्याला पहिल्याएवढीच मेमरी आणि तेवढेच प्रोसेसर दिले आहेत. मेमरी सगळी राखून ठेवली आहे. ते बसून असलं तरी तिला कुणी हात लावायचा नाही. क्ष-किरणवाल्यांना सांगितलं, नवा सर्व्हर येईपर्यंत थांबा. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता. नाडी पाहणाऱ्याला जरा दम धरायला शिकवलं. दोघं कधीही एकाच सर्व्हरवर बसणार नाहीत असा नियम घातला. आणि काल सोमवारी, सकाळची औषधं देऊन झाल्यावर, मेट्रनना विचारून मी मुद्दाम पाळी बदलली. त्या घड्याळ बघत माझ्या शेजारी उभ्या होत्या. पडदे गोठले आणि परत आले. त्या म्हणाल्या, "एवढंच? मग दर सोमवारी करा." मी हो म्हटलं. पंपाचं त्यांना सांगितलं नाही. तुला मात्र सांगायलाच हवं होतं.

हे सगळं उरकून रात्री घरी तुझं पत्र उघडलं. आज सकाळी तुझ्या डॉक्टरबाईंना फोन केला. तू मला बोलशील, बोल. ३१ मार्चला जागा होती, ती मी तुझ्या नावाने घेतली. शनिवारी, २१ तारखेला, महिन्याची रजा काढून येतो आहे. पहिला आठवडा तू घरातच राहा आणि मी करतो ते बघ. सांगायचं असेल ते सांग, फक्त हातातून काढून घेऊ नकोस. पाडलं तर आम्ही दोघं पडू.

इथली सोमवारची पाळी माझ्या शेजारच्या टेबलावरची सहकारी बदलेल. सहा वर्षं ती माझ्या शेजारी बसते आणि क्लस्टरला मी तिला एकदाही हात लावू दिला नव्हता. तिला विचारायला गेलो तेव्हा मनात बरीच तयारी केली होती. ती म्हणाली, "पासवर्ड द्या मग." 

तुझा,
घुम्या


५ एप्रिल

चि. घुम्यास आशीर्वाद.

पालथी पडून लिहिते आहे. पलंगाच्या कडेबाहेर डोकं, खाली ठेंगणं स्टूल, स्टुलावर कागद. अक्षर लागलं नाही तर अंदाज कर. ऑपरेशन झालं. भोक बुजलं की नाही ते इतक्यात कळत नाही, आणि मीही विचारत नाही. माझ्या मैत्रिणीच्या पलंगाखाली काय काय आहे हे आता तिच्यापेक्षा मला जास्त माहीत झालं आहे. तिची हरवलेली चप्पल सापडली. ती म्हणते, ऑपरेशनचा पहिला फायदा.

त्या आठवड्यात तू काय काय शिकलास ते मी पाहिलं आहे. मी एकदाच "सर" म्हणाले, तेही अर्धंच. निघताना तुला काही बोलले नाही, कारण बोलले असते तर निघाले नसते.

आता माझ्यामागे काय चाललंय ते खरं खरं लिही. मैत्रीण वाचून दाखवेल. तिच्यासमोर तुझी लाज जाईल म्हणून झाकू नकोस, तिला तुझं लहानपणापासूनचं सगळं ठाऊक आहे. "सगळं ठीक आहे" असं लिहिलंस तर मी उठून येईन, बुडबुड्यासकट.

ताई


७ एप्रिल

ती. ताईस सा. नमस्कार.

सगळं ठीक नाही. आता ऐक.

तू गेल्यावर अप्पांनी मला पाहुण्यात काढलं. तू घरात होतीस तोवर मी करत होतो ते त्यांनी चालवून घेतलं, कारण मागे तू होतीस. तू दिसेनाशी झालीस आणि ते दर थोड्या वेळाने विचारायला लागले, "तुझी गाडी किती वाजताची?" मी म्हणायचो, गाडी नाही, मी राहणार आहे. ते म्हणायचे, "बरं. पण उशीर करू नकोस, स्टेशनवर गर्दी असते." जेवण अर्धं. गोळी जिभेखाली. मला ती त्यांच्या उशीवर सापडली, वितळून चिकटलेली. दोन दिवस मी फक्त धावत होतो. एक आवरलं की दुसरं. भात लागला, दूध उतू गेलं, चादरी वाळेनात. मला धाप लागली होती, आणि कुणीतरी येऊन "हा मेला" असं जाहीर केलं असतं तर मी कबूल केलं असतं.

शुक्रवारी न्हाणीघरात दोघंही बसलो. पडलो असं म्हणत नाही. ते घसरायला लागले, मी धरलं, आणि धरता धरता आम्ही दोघं फरशीवर येऊन टेकलो. लागलं कुणालाच नाही, मी नीट तपासलं. पण मला त्यांना उठवता येईना. गरम पाण्याची बादली जवळ होती, म्हणून तसंच बसून अंगावर तांब्याने पाणी घालत राहिलो, त्यांच्याही आणि माझ्याही. अप्पा म्हणाले, "तुझी ताई असती तर एव्हाना उठवलं असतं."

मी म्हटलं, "अप्पा, ताई नाही. मी आहे. आणि मला उठवता येत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. छापखान्यात नोकरीला असताना कुणी अक्षरांचे खिळे उलटे लावले की बघायचे ना, तसं. मग म्हणाले, "ते बुटकं स्टूल ओढ. असं नव्हे, भिंतीला लाव. आधी मला त्याच्यावर घे. डावीकडून धर, उजवी बाजू माझी नाही आता. मग खुर्ची आण. घाई केलीस तर मार खाशील." त्यांनी एकेक सांगितलं, मी केलं. उभे राहिल्यावर म्हणाले, "हं."

त्या दिवसापासून गोळी गिळतात. मला तोंड उघडून दाखवतात, न मागता. का, ते मी विचारलं नाही.

अजूनही पुष्कळ चुकतं. दाढी करताना काल कानाखाली खरचटवलं, त्यांनी मला दिवसभर "न्हावीसाहेब" म्हटलं. आठव्या दिवशी ते ओले असतील, असं तू लिहिलं होतंस. असतात. मी बदलतो. तू एकटीने हे कसं करत आलीस, असं विचारायचं मनात होतं, पण उत्तर ऐकायचं धैर्य नाही.

काल सोमवार होता. सहकारिणीचा निरोप आला, "पाळी बदलली. मेट्रन सोडून कुणाला कळलंही नाही." आधी जरा वाईट वाटलं, नंतर फार बरं वाटलं.

तू मान खाली ठेव. इथलं मी बघतो.

तुझा,
घुम्या


१७ एप्रिल

चि. घुम्यास आशीर्वाद.

आज डॉक्टरबाईंनी तपासलं. भोक बुजलं आहे. तक्त्यावरच्या वरच्या ओळी वाचल्या, मधल्या ओळीत अडखळले. पूर्वीसारखं होणार नाही, पण वाचता येईल, असं त्या म्हणाल्या. बुडबुडा थोडा उरला आहे, नजरेच्या तळाशी थेंबासारखा डुलतो. जाईल.

परत येताना मैत्रीण म्हणाली, तुझं घर वाटेतच आहे, भेटून जाऊ. टॅक्सी समोरच्या औषधांच्या दुकानापाशी थांबवली. मी वर पाहिलं. त्या डोळ्याला काय जमतं ते बघावं म्हणून उजव्यावर हात धरला. गॅलरीत दोन आकार दिसले, एक खुर्चीत, एक त्याच्या पायाशी वाकलेला. त्यापलीकडे काही कळेना. मग हात काढला. तू अप्पांच्या पायाची नखं काढत होतास. ते बोट दाखवून काहीतरी ऐकवत होते आणि तू मान न उचलता उलट उत्तर देत होतास.

मैत्रिणीने टॅक्सीचं दार उघडलं. म्हणाली, "चल, उतर." मी म्हटलं, "नको." वर आले असते तर अप्पांनी माझ्याकडे चहा मागितला असता, मी केला असता, आणि तू बाजूला सरला असतास. टॅक्सी पुढे न्यायला सांगितली. घरी आल्यावर तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मी जेवले आणि दुपारी झोपले ती दिवे लागल्यावर उठले. अशी झोप मागे कधी लागली होती, ते आठवत नाही.

ठरल्याप्रमाणे मी उद्या घरी यायची. येणार नाही. तुझी रजा सोमवारपर्यंत आहे, मी सोमवारी संध्याकाळी येईन. हे विचारत नाही, कळवते आहे. जाण्याआधी पुन्हा कधी येणार ते सांगून जा, आणि येशील तेव्हा पुरा आठवडा ये. मी आधी काहीही करून ठेवणार नाही.

करंगळीचं नख सगळ्यात शेवटी काढत जा. तिथे त्यांना दुखतं, आणि एकदा दुखलं की उरलेल्या पायाला हात लावू देत नाहीत. बाकी तुझं बरोबर चाललं होतं.

ताई